दिन्याची जलेबी

आमचा बँड किती भिकार आहे हे मला जितक्या लोकांनी तोंडावर सांगितलंय, तितक्यांनी आमची गाणी तरी ऐकली असतील का, शंकाच आहे! मुद्दाम कोणी सांगत नाही हं. मी बास गिटार वाजवतो, आणि बासवाल्याचा चेहरा त्याच्या आईशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. गाणारा पुढे, ड्रमवाला उंचावर, मी कुठेतरी अंधारात. त्यामुळे लोक माझ्यासमोर अगदी मन मोकळं करतात आणि किस्से साचत जातात. भोपाळला घरी आलो की तर विचारूच नका.

*

भोपाळच्या कोटरा भागातला आमचा जुना सलूनवाला. दाढीला साबण लावता लावता त्याच्या मोबाइलवर आमचं गाणं लागलं. त्यानं ओल्या हातानंच ते बदललं.

"ये लोग ना भैया, सब गाने एक जैसे बनाते हैं."

"कितने सुने हैं?" मी विचारलं.

"सुना तो एक ही है. पर हर जगह सुना है!"

वस्तरा गळ्यावर होता. मी म्हटलं, "बिलकुल सही बात है."

*

आता आमचा ग्रुप. दिन्या, विन्या आणि मी. तिघंही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो, तिघांचे वडील एकाच कारखान्यात. कॉलेजपासून रविवारी सकाळी बिट्टन मार्केटला रज्जूभैयाच्या ठेल्यावर पोहे-जलेबी, हा आमचा नेम. तिथे दिन्यानं एक कायदा काढला होता. जो कोणी हिट गाण्याची तारीफ करेल, त्याची जलेबी जप्त! ती दुसऱ्यांनी खायची.

"जे सगळ्यांना आवडतं ना, त्यात काहीतरी गडबड असतेच," हे दिन्याचं तत्त्वज्ञान.

विन्या बिचारा भोळा. चाल गोड लागली की याची मान डोलली. त्यानं अख्खं कॉलेज नुसत्या पोह्यांवर काढलं. दिन्याची जलेबी मात्र तेव्हा कधीच कोणाच्या वाट्याला आली नाही. आम्ही त्याला फसवायचा किती प्रयत्न केला, पण पठ्ठ्या एकदाही घसरला नाही.

*

आमच्या बँडला तेव्हा कुत्रंही ओळखत नव्हतं, म्हणून तो कायद्यात बसत नव्हता. दिन्या आमचा पहिला श्रोता. त्याच्या स्कूटरवर पुढे ॲम्प्लिफायर, मागे गिटार घेऊन मी, अशी आमची वरात निघायची. पहिला शो एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये झाला. समोर दिन्या, विन्या आणि पंखे बंद करायला आलेला चौकीदार.

शो संपल्यावर चौकीदार म्हणाला, "अच्छा था."

दिन्या त्याच्यावर खेकसला, "आपको समझ में आया?"

चौकीदाराला आवडलं, हे दिन्याला आवडलं नव्हतं! तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता हा किस्सा सांगताना मला पहिल्यासारखं हसू येत नाही.

*

मग आमचं ते एक गाणं चाललं. चाललं म्हणजे किती? वरातीत, जिममध्ये, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. कहर म्हणजे आमच्या गल्लीतल्या कचरागाडीवाल्यानं आमच्याच चालीवर "गीला कचरा, सूखा कचरा" असं रेकॉर्डिंग करून घेतलं. मी सुटीवर आलो होतो. सकाळी सकाळी आईनं हलवून उठवलं.

"ऊठ रे पम्या! तुझं गाणं आलं. बादली ने!"

मी दोन्ही बादल्या घेऊन धावलो. काय करणार?

त्याच दिवशी दिन्याचा फोन आला. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "पम्या, हे गाणं मी पहिल्यांदा तुझ्या गच्चीवर ऐकलं होतं यार. मैं और तू, बस. आता कुठेही लागलं की मला आधी ती गाडी दिसते."

त्यानंतर आमच्या गाण्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. चांगलं नाही, वाईट नाही. खरं सांगू? मैदानं भरली, फोटो आले, सगळं झालं. पण दिन्यानं एकदा, फक्त एकदा, "बरं जमलंय" म्हणावं म्हणून माझा जीव अडकून राहिला होता. नवीन गाणं आलं की मी त्याला पाठवायचो. निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही.

*

ताईची मुलगी सानू, नववीत आहे. मला म्हणते, "मामा, प्लीज मला घ्यायला शाळेत येऊ नको. हमारे ग्रुप में तुम्हारा बँड अंकल लोगों का है."

त्याच संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी गाठलं. "तुमचं ते पोरासोरांचं संगीत बाप्पा, आमच्या डोक्यावरून जातं!"

म्हणजे पोरं म्हणतात काकांचं, काका म्हणतात पोरांचं. मग मैदान भरतं कोण? एकदा न राहवून मी शोच्या आधी टोपी घालून गर्दीत शिरलो. एका गृहस्थाला विचारलं, "आपको पसंद है ये बँड?"

"अरे नहीं भाई, वाइफ लेकर आई है."

बाई लगेच उसळल्या, "झूठ! मैं तो इनके लिए आई हूँ!"

त्या रात्री समोर केवढा समुदाय होता, आणि मला वाजवताना सारखं वाटत होतं की यातला कोणीच आपणहून आलेला नाही.

*

मागच्या खेपेला ठेल्यावर गेलो तर दोघं बोलत होते, मला बघून गप्प झाले. विन्या उगाच शेव मागायला लागला. ही शांतता मला खायला उठते. म्हणून मीच सुरू झालो. आमचा गायक कसा रडका, आमचे शब्द कसे पानपट्टीवरचे, आणि मी तर काय, चार सूर एवढंच माझं भांडवल. विन्या खो खो हसला. रज्जूभैयासुद्धा झारा हातात धरून हसला.

दिन्या हसला नाही. म्हणाला, "तू नको बोलूस."

"का रे? तुम्ही बोलता ते चालतं?"

"हमारा अलग है. शिव्या आम्ही देऊ. तू कशाला देतोस?"

आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. त्याची जलेबी तेवढी खाऊन!

*

आणि हा आत्ताचा, गेल्या आठवड्यातला. आमचा भोपाळमध्ये पहिला मोठा शो. मी विन्याकडे पास देऊन ठेवले होते, दिन्याचाही. स्टेजवरून समोरचं काही दिसत नाही, नुसते डोळ्यांवर दिवे. तरी मी सगळा वेळ डाव्या बाजूला बघत होतो, कारण त्यांच्या खुर्च्या तिकडे होत्या. शो संपल्यावर विन्या मागे आला, गळा बसलेला, शर्ट घामानं चिंब. मी काही विचारायच्या आधीच त्यानं खिशातून दिन्याचा पास काढून दाखवला.

"नाही आला रे. बाहेर रस्त्यावर लोक स्कूटर उभ्या करून फुकट ऐकत होते, आणि इथे पुढची खुर्ची रिकामी!"

मला त्या गर्दीत इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारचं विमान होतं. विन्या फोन उचलेना, झोपला असणार. मी एकटाच बिट्टन मार्केटला गेलो.

रज्जूभैया म्हणाला, "लेट हो गए. दिनेश भैया तो कब के निकल गए."

"कुछ बोले?"

"कुछ नहीं. पोहा खाया, चले गए." मग त्यानं कढईमागून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "ये आपके लिए छोड़ गए."

मी पुडी उघडली. आत जलेबी होती, गार झालेली.

"मैंने तो कहा, भैया, गरम है, खा लो," रज्जूभैया म्हणाला. "बोले, नहीं, आज ये मेरी नहीं है."