डावं टोक वर

आमच्या इया नावाच्या डोंगरखोऱ्यात आता लग्नं होत नाहीत, मयतं होतात. शाळा बंद पडली, पोरंबाळं ओसाकाला गेली, आणि मागे उरलो आम्ही म्हाताऱ्या, एकमेकींना पोचवायला. तोमियो त्यात सगळ्यांच्या पुढे. कुणी गेलं की ही हजर, हातात तेच जांभळं कापड, आत गुंडाळलेलं पैशांचं पाकीट. दारात कापड सोडायचं, पाकीट द्यायचं आणि कापड घडी घालून घरी आणायचं, पुढच्या वेळेसाठी. जांभळा रंग लग्नालाही चालतो नि मयतालाही. फरक फक्त गुंडाळण्यात: शुभाला उजवं टोक वर, अशुभाला डावं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

नातीला, चिनामीला, तोमियोनंच वाढवलं. आईबाप गाडीसकट दरीत गेले तेव्हा पोर रांगत होती. तिचं ओसाकात जमलं, पण मुलाच्या आईनं, काशिवागीबाईंनी, आईबापांना खाल्लेली मुलगी नको म्हणून बरेच दिवस मोडता घातला. शेवटी मुलाच्या हट्टापायी लग्न ठरलं. तोमियोला एकच घोर होता, आपल्यापायी पोरीला बोल लागू नये.

सोबतीला मी गेले. आहेराचं पाकीट तिनं पहाटे घरीच गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं. हॉलच्या दारात काशिवागीबाई स्वतः उभ्या. तोमियोनं वाकून कापड पुढे केलं, आणि मला दिसलं. डावं टोक वर. इतकी वर्षं नुसती मयतंच केलेला हात, त्याला दुसरं काही येईना.

तिनं कापड सोडल्यावर बाईंनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. हसू ढळू दिलं नाही. गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, किती लांबून आलात. या वयात पुन्हा एवढी दगदग करू नका हं."

मोठी माणसं दार असंच लावतात, आवाज न करता. हातातलं कापड आपण कसं गुंडाळलं होतं, ते तोमियोला तेव्हा कुठे उमगलं. जेवणात पुढ्यातल्या माशाला तिनं खायच्या काड्याही लावल्या नाहीत.

संध्याकाळी चिनामी बसपर्यंत आली. तोमियो म्हणाली, "चुकलं गं माझं."

"सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना कापडाचं सांगितलंय, आजी." पोर खाली बघत होती. "थोडे दिवस येऊ नकोस. फोन मीच करीन."

"बरं. सुखानं नांद."

मला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण ती इतकी घाबरली होती की रागही धड येईना. आम्ही वाकून निरोप घेतला.

बस घाटाला लागल्यावर तोमियोनं कापडाची घडी घालून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "सावा, मी गेले की चिनामीला लगेच कळवू नकोस. सगळं उरकल्यावर सांग. पुन्हा माझं अशुभ नको तिच्या घरात."