मंजुषाला बेल झाला

दसऱ्याच्या तोंडावर पातूरच्या राऊतांच्या घरी धाकट्या सुनेचं तोंड वाकडं झालं. मंजुषा सकाळी मोरीत चूळ भरत होती, तर पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. तिला वाटलं, झोप उतरली नसेल. पण ती स्वयंपाकघरात आली, काहीतरी बोलून हसली, आणि पोळ्या लाटत बसलेल्या सासूच्या, गोदाबाईंच्या हातातून लाटणं सुटलं. मंजुषाचा एक गाल हसत होता आणि दुसरा जागचा हलत नव्हता. उजवा डोळा टक्क उघडा.

"लकवा! माय वो, लकवा मारला पोरीले!"

मोठी सून सत्यवती अंगणात झेंडू निवडत होती, ती तशीच धावत आली. तिनंच मंजुषाला धरून बसवलं, दिराला हाक मारली, पदरानं तिची हनुवटी पुसली. योगेशनं फुलांची गाडी रिकामी केली आणि बायकोला घेऊन अकोला गाठलं. ते परत येईपर्यंत सत्यवतीनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

संध्याकाळी दोघं परतले ते सुटकेचा श्वास घेऊनच.

"झटका नाही, आई. बेल्स पाल्सी म्हनते," योगेशनं सांगितलं. "चेहऱ्याची नस सुजली. गोळ्यानं बरं होते, पन टाइम लागते. डोया मिटत नाही ना, म्हनून दिवसभर थेंब टाकाचे अन् झोपताना पापनी मिटवून पट्टी लावाची. नाही तर डोया सुकते."

"बेल? महादेवाचा?" गोदाबाईंनी हात जोडले.

"नाही वो. बेल नावाचा विलायतेतला डॉक्टर होता. त्यानं हा आजार लिहून ठेवला, म्हनून त्याचं नाव."

मंजुषा वाकड्या तोंडानं म्हणाली, "दोनशे वर्षं झाली म्हने त्याले."

घरातली भीती गेली. आणि ती गेली तशी सत्यवतीच्या मनात रिकाम्या झालेल्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

सत्यवती या घरात आली तेव्हा राऊतांकडे विहिरीजवळचा एवढासा तुकडा होता. नवरा शेषराव, ती आणि सासू, तिघांनी मिळून त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध लावला. झेंडूचा देठ अंगठ्याच्या नखानं खुडायचा, आणि तो तिच्याइतका भरभर कुणी खुडत नसे. मग योगेशचं लग्न झालं आणि अमरावतीची, बी.कॉम. झालेली मंजुषा आली. तिनं मोबाइलवर अकोल्याच्या मंगल कार्यालयांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, हारांचे फोटो टाकले, आणि बघता बघता लोक 'मंजुषावहिनीची फुलं' म्हणायला लागले. फुलं तर सत्यवतीची होती. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं त्यात होतं तरी काय? जाऊ कामाची होती, गोड होती, 'बाई, बाई' करत मागे असायची. त्यामुळे तर राग धरायलाही जागा नव्हती.

आणि गेल्या दोन वर्षांपासून सत्यवतीचा उजवा अंगठा दुखत होता. मनगटापासून कळ निघे ती नखापर्यंत जाई. कढई उचलताना, कपडे पिळताना, फुलं खुडताना. गोदाबाई म्हणत, वात आहे. शेजारीण म्हणे, थंड पाण्यातलं काम. शेषराव म्हणे, "कामाचा हात हाय, दुखनच." तिनं हळद लावली, निरगुडीचा पाला बांधला, आणि शेवटी सांगणंच सोडलं. दुखण्याला नाव नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला सुरुवातही करता येत नव्हती.

मंजुषाच्या दुखण्याला मात्र नाव होतं. दुसऱ्या दिवसापासून बाया 'बेल पाहायला' यायला लागल्या. मंजुषा उशीला टेकून बसे आणि चूळ भरल्यापासूनची सगळी हकिगत सांगे. ती दर खेपेला जास्त रंगत असे. गोदाबाई तिच्यासाठी साजूक तुपातला शिरा करत. सत्यवती आल्यागेल्याचा चहा टाके. एकदा घरात कुणी नाही असं पाहून तिनं आरशासमोर उभं राहून आपल्या ओठाचा कोपरा बोटानं खाली ओढून पाहिला. तेवढ्यात दार वाजलं आणि ती चोरासारखी दचकली.

अंजनगाव सुर्जीहून नणंद नीलम केळीचा घड घेऊन आली त्या दिवशी तर कहर झाला. नीलम दिवसभर मंजुषाच्या पायथ्याशी बसून होती. सत्यवती चहाचा ट्रे घेऊन गेली आणि दारातच मनगटात अशी कळ आली, की ट्रे सुटला. कपबश्यांचा चुरा झाला. चहा नीलमच्या साडीवर.

"हातात जीव नाही का तुह्या?" गोदाबाई ओरडल्या. "अथी पोरगी आजारी पडली, अन् तू कपबश्या फोडून राहिली!"

सत्यवतीनं खाली बसून काचा वेचल्या, डाव्या हातानं. ती डाव्या हातानं का वेचते आहे, हे कुणी विचारलं नाही.

दुपारी योगेश फुलं पोचवायला अकोल्याला जाई आणि गोदाबाईंना बारीक दिसत नसे, म्हणून दुपारच्या झोपेला पट्टी लावायचं काम सत्यवतीकडे होतं. त्या दुपारी ती थेंबांची बाटली आणि पट्टी घेऊन खोलीत गेली. मंजुषा झोपली होती. डावा डोळा मिटलेला, उजवा अर्धा उघडा, बुबुळ वर चढलेलं, नुसतं पांढरं दिसत होतं. पंखा जोरात चालू होता. सत्यवती जरा वेळ उभी राहिली. मग पट्टी फडताळात ठेवली आणि दार ओढून बाहेर आली.

एक दिवस काय होते, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. तिसऱ्या दिवशी नाही लावली.

दिवाळीला दामिनी घरी आली. ती सत्यवतीची लेक, अमरावतीला फिजिओथेरपी शिकत होती. सत्यवतीनं तिच्या आवडीचे रोडगे केले होते. पण पोरीनं बॅग टाकली आणि थेट काकूची खोली गाठली. "काकू, भुवया वर करा. आता गाल फुगवा. शिटी वाजवा." दोघी आरशासमोर बसून खिदळत होत्या. स्वयंपाकघरात सत्यवतीनं रोडगे झाकून ठेवले. आपलीच पोरगी, आपल्याच पैशानं शिकते, आणि शिकलेलं वाहते कुणाला, तर तिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दामिनीनं काकूचा डोळा पाहिला आणि तिचं हसणं थांबलं. डोळा लालभडक झाला होता. बुबुळावर पांढुरका ठिपका होता. मंजुषाला उजेड सहन होईना.

सगळे अकोल्याला निघाले. गोदाबाईंनी सत्यवतीलाही गाडीत बसवलं, "तू धरून बस तिले." सत्यवतीनं धरलं. रस्ताभर मंजुषाचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. "बुबुळाला जखम झालीय. सुकल्यामुळं. झोपताना पट्टी लावत होता ना? कोण लावतं?"

सत्यवती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला लागली.

"मीच विसरली, डॉक्टरसाहेब," मंजुषा म्हणाली.

खरं तर सत्यवतीला हायसं वाटायला हवं होतं. पण बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला पुन्हा तेच वाटतं आहे. चांगुलपणाही हिनंच न्यावा! डोळा जायची वेळ आली तरी हीच मोठी!

दामिनीनं पाण्याची बाटली पुढे केली. सत्यवतीला झाकण उघडेना. तिनं ती काखेत धरून डाव्या हातानं फिरवायला सुरुवात केली.

"आई, हात दाखव."

"काही नाही झालं. वात हाय."

"दाखव म्हनलं ना." दामिनीनं तिचा अंगठा तळहातात दुमडला, वर बोटं मिटवली आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली. सत्यवती एवढ्या जोरात किंचाळली, की बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवसांपासून आहे हे? मले कावून नाही सांगितलं? हा वात नाही, आई. याले डी क्वेर्वेन म्हनते. अंगठ्याच्या शिरांवरचं आवरण सुजते."

"काय म्हनते?"

"डी क्वेर्वेन. स्वित्झर्लंडचा सर्जन होता. अन् मी आत्ता जे करून पाहिलं, त्याले फिंकलस्टाईनची तपासनी म्हनते. तो दुसरा डॉक्टर."

सत्यवतीनं हाताकडे पाहिलं. "म्हंजे हे दोघं साहेब माह्या एकटीचे?"

"हो."

"अन् तिचा एकच?"

दामिनी हसायला लागली, पण आई हसत नाही हे पाहून तिनं हसू आवरलं.

"ज्याले दुखलं त्याचं नाव कावून नाही ठेवत?" सत्यवतीनं विचारलं. "पयल्यांदा कोनाचा तरी हात दुखलाच असन ना."

"एका बाईचाच दुखला होता. तिचं पूर्ण नाव काही आमाले शिकवत नाही."

त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी दामिनीचं म्हणणं बरोबर ठरवलं, मनगटात इंजेक्शन दिलं आणि अंगठा धरून ठेवणारा पट्टा बांधला. सत्यवती पातूरला उतरली ती मान ताठ करून. रस्त्यात जी भेटेल तिला ती सांगत सुटली, "डी कर्वेन हाय मले. सिझलँडचा." बाया म्हणत, "अस्सं?" आणि लगेच विचारत, "मंजुषाचा डोया कसा हाय?"

घरी गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे हातच दुखते ना?" त्या म्हणाल्या.

शेषराव पट्ट्याकडे बघत म्हणाला, "तोंड वाकडं झालेलं दिसते. हात दुखलेला दिसत नाही, त्याले काय करनार?" तो ते वाईट हेतूनं बोलला नव्हता. त्या दिवशी त्यानं स्वतः विहिरीवरून पाणीही आणलं. पण 'डी क्वेर्वेन पाहायला' म्हणून कुणी आलं नाही. केळीचा घड आला नाही, शिरा झाला नाही. सत्यवती पट्टा काढून ठेवी आणि पुन्हा बांधी.

दामिनी अमरावतीला परत गेली. तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डरी वाढल्या आणि मंजुषा डोळ्यावर पट्टी लावून फुलं खुडायला आली. सत्यवतीला खुडायची मनाई होती, म्हणून ती डाव्या हातानं टोपली धरून बरोबर चालत होती. दोघी वाफ्याच्या टोकाला पोचल्या.

"डॉक्टरपाशी खोटं कावून बोलली तू?" सत्यवतीनं शेवटी विचारलं. "पट्टी मी नाही लावली. मुद्दामून नाही लावली."

"मालूम हाय. पयल्या दिवशी मी जागीच होती."

सत्यवतीच्या हातातली टोपली कलली.

"मंग उठून बोलली कावून नाही?"

मंजुषा देठ खुडत राहिली. "तुमी लावत होत्या त्या दिवशी तरी कुठं राहू दिली? तुमी गेल्या की मी काढून टाकत होती."

"कायले?"

"बाया यायच्या ना दुपारच्या. पट्टी असली की त्याईले काहीच दिसे ना. उघडा डोया पाहून कशा हळहळत! बारा वर्षं झाली मले या घरात, बाई. आत्याबाईनं कधी शिरा करून देल्ला? त्याईच्या तोंडी सदा, सत्यवतीनं मळा उभा केला, सत्यवतीच्या हातात बरकत. मी ऑर्डरी आनल्या तर म्हने, फोनवर बोलाले काय लागते? असं वाटे, हे तोंड आनखी काही दिवस वाकडंच राहू दे."

सत्यवतीनं सासूच्या तोंडून स्वतःबद्दल असं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं. गोदाबाई हे मोठीच्या माघारी धाकटीजवळ बोलत आल्या होत्या. आणि धाकटीचं कौतुक तसंच मोठीजवळ करत आल्या होत्या.

"मले तुह्यावर लय जळफळाट होते," ती म्हणाली.

"मलेबी तुमच्यावर होते," मंजुषा म्हणाली, आणि खुडलेली फुलं तिच्या टोपलीत टाकली.

संक्रांतीपर्यंत मंजुषाचं तोंड सरळ झालं. डोळ्यात मात्र एक बारीक ठिपका राहिला, उन्हात तिला त्या डोळ्यानं धुरकट दिसतं. सत्यवतीची कळ इंजेक्शननं कमी झाली, आणि आता ती देठ कात्रीनं कापते. पहिल्यासारखा वेग नाही. गोदाबाईंना या सगळ्यातलं काही ठाऊक नाही.

दामिनीला भेटायला दोघी अमरावतीला गेल्या तेव्हा मंजुषाच्या माहेरी जेवायला थांबल्या. तिच्या आईनं सत्यवतीला पाटावर बसवलं, ओटी भरली, आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या पोरीचं तुम्ही लहान लेकरासारखं केलं. कोणती मोठी जाऊ एवढं करते?"

सत्यवतीनं मंजुषाकडे पाहिलं. ती वाढत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"हो ना," ती म्हणाली. "बाईनं लय केलं."

सत्यवतीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हे मनापासून आहे, की आयुष्यभर पुरवून पुरवून घ्यायचा सूड आहे, तिला ठरवता येईना. तिनं मान खाली घालून वरणभात कालवायला घेतला. समोर मंजुषा आईच्या कुठल्याशा बोलण्यावर मोकळेपणानं हसली, आणि सत्यवतीच्या मनात आलं, हसली की किती चांगली दिसते ही.

तेही तिला सहन झालं नाही.