खाणीशेजारचं चर्च

आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कमिटीची एक मीटिंग झाली की दोन-तीन आपोआप पदरात पडतात! पण आज सांगते ते सगळे तेलंगणच्या बेल्लमपल्लीतल्या एकाच दुपारचे, आणि एक पुढच्या रविवारचा.

त्या दिवशी कोळशाच्या खाणीत छत कोसळलं. काही माणसं आत अडकली. आमच्या शेजारच्या शांताकाकूंचे यजमान भीमरावही त्यांत होते. फाटकाच्या आत कुणालाच सोडत नव्हते. मे महिन्याचं ऊन, बाहेर बायकांचा घोळका, आणि समोर सावलीची एकच जागा: आमचं चर्च. त्याला कुलूप!

किल्ली कमिटीचे सेक्रेटरी डेव्हिडकाका यांच्याकडे.

"काका, उघडा."

"कमिटीला इचारल्याबिगर कसं उघडू, पोरी? सगळी बाहेरची माणसं हायेत."

"बाहेर हायेत म्हणूनच सांगून राह्यली, आत घ्या!"

*

कमिटी कडुनिंबाखाली जमली. बायका उन्हात उभ्या, आणि हे लोक आधी मार्गदर्शनासाठी प्रार्थना करणार! डेव्हिडकाकांनी किल्ली स्टुलावर ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. त्यांची प्रार्थना आदामापासून सुरू होते, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. ते नोहाच्या तारवापर्यंत पोचले तोवर मी कुलूप काढलं होतं.

"आमेन" म्हणून डोळे उघडतात तर बायका आत बसलेल्या!

कमिटीतल्या मरियाआजी म्हणाल्या, "पाहा, किती लवकर ऐकलं देवानं!"

*

मी माठातलं पाणी वाटत होते. शांताकाकूंचं घर बौद्ध. चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. ओठ सुकलेले, तरी ग्लास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "बाप्तिस्मा घ्या लागते का व?"

"पाण्यासाठी? नाही, काकू."

त्या घटाघटा प्यायल्या. मग डेव्हिडकाकांकडे बोट करून म्हणाल्या, "त्यायलेई दे. लय वेळ बोलले."

*

तेवढ्यात फाटकातून जीप बाहेर आली. सगळ्या उठल्या. एकाला काढलं होतं. तो तेलुगू गल्लीतला निघाला. त्याची आई अनवाणीच धावली. बाकीच्या पुन्हा बसल्या.

*

पास्टरांनी पुढे उभं राहून स्तोत्र वाचायला घेतलं. काकू सारखी मान मागे वळवायच्या, कारण दार मागे आणि दारासमोर खाणीचं फाटक. शेवटी त्या उभ्याच राहिल्या.

"बाकं फिरवा."

डेव्हिडकाका उसळले, "क्रूसाकडे पाठ करता काय?"

"पाठीमागून बोललेलं तुमच्या देवाले आयकू येत नाही काय?"

पास्टरांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्या बाकाला स्वतःच हात घातला.

फाटकाकडे तोंड करून सगळे बसून राहिले. कुणी स्तोत्र म्हणत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. दिवस कलला तेव्हा भीमराव दोघांच्या आधाराने चालत बाहेर आले. काकूंनी त्यांना सगळ्यांच्या आधी पाहिलं. मी आणि मरियाआजींनी काकूंना धरून उभं केलं.

*

रविवारी आमच्याकडे साक्ष असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं. भीमराव धुतलेला शर्ट घालून काकूंबरोबर आले. पास्टर म्हणाले, "दोन शब्द बोला."

आम्हाला वाटलं, आभार मानतील.

"आत लय अंधार होता," ते म्हणाले. "माहा जोडीदार रडून राह्यला होता. म्हणे, आपल्या बायका उन्हात मरून जातीन. म्या म्हनलं, काऊन रडतं? समोर चर्च हाये ना! माणूस दाराशी उभा दिसला का ते लोक घडीभरई थांबत नाहीत. कवाच दार उघडलं असन त्याह्यनं. तवा कुठी तो उगा झाला."

मग त्यांनी पहिल्या बाकावर बसलेल्या डेव्हिडकाकांकडे पाहिलं.

"बराबर सांगतलं ना जी म्या?"