दर चुलीला एक बाटली

औषध संपलं होतं, म्हणून मायनं रिकाम्या बाटलीत पाणी घालून ती खळखळ हलवली आणि तेच पाणी माझ्या धाकट्या भावाला पाजलं. आम्हा दोघांनाही हिवताप होता. निजामाच्या राज्यातली गोष्ट. हसनाबादेजवळच्या आमच्या गावात सरकारी कंपाउंडर हिवतापावरचं कोयनेल फुकट वाटायला आला होता आणि त्याच्या पेटीचा कडू वास चावडीत भरला होता. "दर चुलीला एक बाटली," तो म्हणाला. मायनं विचारलं, "ज्याच्या घरी ताप न्हाई त्यालाबी?" "त्यालाबी. सगळ्यांना बराबर द्यायचा हुकूम हाये, बाई. न्हाई तर माझी तक्रार जाती." चुलतीच्या घरी कुणालाच ताप नव्हता, तिची बाटली बूचसुद्धा न काढता कोनाड्यात ठेवलेली होती. माय ती मागायला गेली, तेव्हा मी घोंगडी पांघरून दाराशी उभी होते. "अक्का, तुमच्या वाट्याची मिळाली ना तुम्हाला?" चुलती पीठ चाळता चाळता म्हणाली. "उद्या माझी लेकरं तापली, मंग?" माय परत फिरली. आता टीव्हीवर सगळ्यांना सारखा इलाज देण्याचं बोलतात, तेव्हा मी नातवाला विचारते, आजारी कोण आहे ते आधी बघणार का? तो म्हणतो, आजी, तुला त्यातलं कळत नाही. नसेल कळत. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. मी वाचले. चुलतीची दोन्ही लेकरंही वाचली. त्यांना त्या साली ताप आलाच नाही.