सुमनचा पुढे केलेला हात

आधीच सांगून ठेवतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. ऑफिसात कुणी अमावस्येचं काही काढलं की मी मुद्दाम मोठी जांभई द्यायचो. तेव्हा आता तुम्ही माझी टर उडवलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त वाचा शेवटपर्यंत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी भिंगारला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, क्वार्टर तिथेच. नवं लग्न, पोरंबाळं नाहीत, आणि मला नाद एकच — फोटोग्राफी. नाद म्हणजे एक साधा बॉक्स कॅमेरा. पोटाशी धरायचा, वरून काचेत डोकावायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे हात आखडूनच सगळं. दर रविवारी सायकल काढायची, सुमनला मागच्या कॅरियरवर बसवायचं आणि नगर पालथं घालायचं. वेशी, मशिदी, कबरी, पडक्या कमानी... नगरात पडकं काय कमी आहे?

सुमन कशाला, तर मापासाठी. नुसत्या कमानीचा फोटो काढला तर ती दहा फुटांची की तीस फुटांची ते कळत नाही. शेजारी माणूस उभा केला की कळतं. ही म्हणायची, "लोकांच्या बायकांचे फोटो निघतात. मी तुमची फूटपट्टी." पण यायची हौसेनं. लाजरी होती. कॅमेरा रोखला की दोन्ही हातांनी खांद्यावरचा पदर घट्ट धरून उभी राहायची. माझ्या सगळ्या फोटोंत ती तशीच आहे... म्हणजे होती, त्या बारवेपर्यंत.

ते दुष्काळाचं साल होतं. पाथर्डी रस्त्याला, भिंगारपासून सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर एका गावात जुनी बारव आहे. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून नांदतात. पाणी पार तळाला गेल्यानं कित्येक वर्षांत कुणी न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्यात असं ऑफिसात ऐकलं आणि माझे पाय शिवशिवायला लागले. गेलो. खरंच खाली रुंद पायऱ्या, कोनाडे, आणि एका पायरीवरच्या वाळक्या गाळात रंगीत काचांचा चुरा चमकत होता. ऊनही नेमकं तिथेच पडलेलं. मी हिला त्याच पायरीवर उभं केलं. खाली गार आहे, पाय गारठतायत, असं काहीतरी ती म्हणाली. मी म्हटलं, बरंच आहे की, वर होरपळ चाललीय.

कापडबाजारातल्या भालेरावांच्या स्टुडिओतून प्रिंट आणली. बारवेच्या फोटोत सुमनचा उजवा हात पदरावर होता. डावा मात्र समोर पुढे केलेला, कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. मी वैतागलो. म्हटलं, हे काय ध्यान? ती म्हणाली, मी हात काढलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर काचेतून मीही दोन्ही हात पदरावरच पाहिले होते. भालेराव म्हणाले, रोल फिरवायला विसरलात, एकावर एक फोटो आला. पण तसं असतं तर पायऱ्याही दोन-दोन दिसल्या असत्या ना? मी म्हटलं, जाऊ दे.

पुढच्या रविवारी फराहबागेतला पडका महाल. फोटोत पुन्हा तोच हात. यावेळी सुमननं प्रिंट उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मला म्हणाली, हा हात नीट बघा. बोटं जुळलेली, अंगठा तळव्यात दुमडलेला. बांगड्या भरताना आम्ही कासारणीपुढे हात असाच धरतो. मी हसलो. पण हसता हसता दिसलं, की तिच्या बांगड्या मनगटावर नव्हत्या. पार बोटांच्या पेरांशी आल्या होत्या. भरत नव्हतं कुणी. कुणीतरी काढत होतं.

तरी मी हट्टी. तिसऱ्या रविवारी शहराबाहेरच्या एका पडक्या कमानीशी गेलो. समोरच्या भिंतीवर चढून फोटो काढला, खाली उतरलो, सायकलीपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच मी उभा होतो ती भिंत मागे धडाधड कोसळली. धुरळा खाली बसायच्या आत आम्ही सायकल काढली.

त्या फोटोत तिचा डावा हात उघडा होता. एकही बांगडी नाही.

सुमनचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ती स्वतःसाठी घाबरलीय. मी समजूत घालायला लागलो, की तुला काही होणार नाही वगैरे. ती म्हणाली, "अहो, हे माझ्यावरचं नाही. बाईचे हात उघडे कधी पडतात?"

त्यानंतर तिनं मला सायकलला हात लावू दिला नाही. मी चालत ऑफिसला जायचो, आणि मी वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी असायची. रात्री मला कूस बदलताना जाग आली की ती जागीच असायची. शेवटी ती म्हणाली, जिथून लागलंय तिथेच जायचं.

एसटीनं बारवेवर गेलो. एक म्हातारी वाटीनं पाणी खरवडून कळशीत भरत होती. सुमननं तिला पायरी दाखवली आणि ही कसली म्हणून विचारलं. म्हातारीनं आधी हिच्या कुंकवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाई, तिथं बांगड्या उतरायच्या," ती म्हणाली. "मानूस गेला की दहाव्याला बाईला हितं आनायची. माज्या सासूच्या बी तिथंच उतरल्या. मंग पानी वर आलं, पायरी बुडाली, चाल मोडली. सवाष्णीनं तिथं उबं न्हाई ऱ्हायचं."

मी गाळातल्या त्या काचांकडं पाहिलं. हिरव्या, लाल, कुठे सोनेरी ठिपका. छान चमकतायत म्हणून मी हिला तिथे उभं केलं होतं!

दुसऱ्या दिवशी सुमननं भिंगारच्या बाजारातली कासारीण गाठली. नवस आहे म्हणून तिला बारवेवर घेऊन आली. मलाही कॅमेऱ्यासकट चला म्हणाली. भर दुपारची वेळ. सुमन त्याच पायरीवर बसली आणि डावा हात पुढे केला. कासारीण कुरकुरत होती, की इथं कुणी चुडा भरतं का. तिनं पहिली हिरवी बांगडी चढवली. तटकन वाढली. दुसरी, तीही वाढली. तिसरी तर हाताला लागायच्या आधीच दोन तुकडे. वर्षानुवर्षं बायकांचे हात हाताळणारी बाई ती, तिच्या कपाळाला घाम फुटला. उठते म्हणाली. सुमननं तिचं मनगट धरून ठेवलं.

मग सुमन खाली वाकली. तळाच्या पाण्याकडं तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलली. दोन-तीनच वाक्यं असतील. मी वरच्या पायरीवर होतो, ऐकू आलं नाही. मी विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, "काही नाही. फोटो काढा."

त्यानंतर बांगड्या अशा सरसर चढल्या की कासारीण हाताकडं बघतच राहिली. मी काचेत डोकावलो. डावा हात कासारणीच्या हातात, उजवा पदरावर. डोळे फाडून खात्री केली आणि खटका दाबला.

प्रिंट आली. डाव्या हातात हिरवा चुडा भरलेला, लख्ख. आणि उजवा हात... उजवा दुसऱ्या बाजूला, जिथे कुणीही नव्हतं तिथे पुढे केलेला. बोटं जुळलेली, अंगठा तळव्यात. माझ्या हातातून प्रिंट गळून पडली. सुमननं ती उचलली, पाहिली, आणि एखादं काम हातावेगळं व्हावं तशी म्हणाली, "झालं. आता तुम्हाला काही होत नाही." पुन्हा तिनं कधी फोटो काढू दिला नाही. मुलांच्या लग्नातही नाही. मी अधूनमधून विचारायचो, काय बोलली होतीस गं? ती हसून स्वयंपाकघरात निघून जायची. मीही मग कॅमेरा माळ्यावर टाकून दिला.

मला खरंच काही झालं नाही. एकदा ट्रकखालून वाचलो, एकदा हार्टच्या दुखण्यातून. डॉक्टर म्हणायचे, नशीबवान आहात. सुमन बाजूला शांत बसलेली असायची.

गेल्या वर्षी ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. सवाष्ण गेली म्हणून आळीतल्या बायका जमल्या, मळवट भरला, हिरवा चुडा भरायला घेतला. डावा हात ताठ झाला होता, त्यांना फार जड गेलं. मग शेजारच्या सूनबाई बाहेर माझ्यापाशी येऊन बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काका, उजवा हात दाबावाच लागला नाही हो. बोटं जुळवून, अंगठा आत घेऊन, काकूंनी तो आधीच पुढे केला होता."

मुलगा म्हणतो, मेलेल्या माणसाचे हात आखडतात. असेल. एकच हात का, आणि नेमका तोच का, ते त्यालाही सांगता येत नाही. ती प्रिंट माझ्या कपाटात आहे, मी ती काढून बघत नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्या पायरीवर माझ्या बदल्यात तिनं काय कबूल केलं ते तिनं एकदा मला सांगावं.