गवतावर मारलेलं पाणी

कुबट गवताचा वास आला की आजही मी नाकाला पदर लावते. नुसत्या वासाचं काही नाही हो, त्या वासामागचा माणूस आठवतो. मोठ्यांना नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते.

केनवडजवळ आमची शेती होती. मी लग्न होऊन आले तेव्हा गवताचा कारभार सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या हातात होता. गवत फुलोऱ्यात आलं की विळे लागायचे. कापलेलं गवत दोन-तीन उन्हं तसंच पसरून ठेवायचं, उलथायचं, मुठीत पिळून बघायचं आणि मगच पेंढ्या बांधायच्या. गंजीच्या माथ्याला ते असा उतार द्यायचे की पाण्याचा थेंब आत जात नसे. भर उन्हाळ्यात गंजी फोडली तरी आतलं गवत हिरवट निघायचं. माझी माहेरची आंदणाची गाय ते खायला लागली की मान वर करत नसे.

पुढे मामाजींनी खाट धरली, कारभार थोरल्या दिरांकडे आला. लढाईचे दिवस होते. पलटणीच्या जनावरांसाठी गवताच्या गाठी घेणारा ठेकेदार गावोगाव फिरत होता. झालं! लाकडी पेटीत गवत कोंबायचं, वर उभं राहून दाबायचं, तारेनं आवळायचं. घरच्या जनावरांपुरतंही मागे ठेवलं नाही. शिवाय वजन जास्त भरावं म्हणून दिरांनी मला गवतावर घागरीनं पाणी मारायला लावलं. मला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पदर पुढे ओढून मी मुकाट्यानं पाणी मारलं.

आठ दिवसांनी ठेकेदारानं गाठीत हात घातला तर ओलीनं आत गवत तापलेलं. गाठी तिथंच सोडून तो चालता झाला. मग दिरांनी त्याच गाठी आमच्या गोठ्यात फोडल्या. आत काळी-पांढरी बुरशी, हात लावला की भुकटी उडायची. शी! बैलांनी तोंड फिरवलं. माझी गाय गाभण होती, भुकेली होती, आणि मी हातानं घालत होते म्हणून खात राहिली. महिनाभरानं तिनं दिवस भरायच्या आत मेलेलं वासरू टाकलं.

मामाजींनी खाटेवरच मूठभर गवत मागवलं, नाकाशी धरलं आणि माझ्याकडे नि दिरांकडे पाहिलं.

"याच्यावर पानी कोनं मारलं?"

दीर समोर बसून सुपारी कातरत होते. मी वाट पाहिली. त्यांचा अडकित्ता चालूच राहिला.

"म्या," मी म्हणाले.

"बाईमानसाले काय समजते गवतातलं," दीर म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

मामाजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाईचा चारा त्यांनी दिरांच्या हाती दिला.