डाव्या पुडीची कणीक

भिजवलेल्या कणकेला वास असतो, असं मी म्हटलं की घरची माणसं माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. भाजल्या पोळीला असतो, तुपाला असतो, पण नुसत्या ओल्या कणकेला? असतो हो. थोडा गोडसर, थोडा दमट, देवळाच्या गार फरशीवर दुपारी बसलं की येतो तसा. आषाढातली पौर्णिमा जवळ आली, शाळेत पोरी फळ्यावर गुरूंचे श्लोक लिहायला लागल्या, की परातीतला गोळा मळता मळता माझा हात थांबतो. बोटांना डब्याच्या पोळ्यांची घाई असते. मन मात्र एका पखवाजापाशी जाऊन बसतं आणि मान खाली घालतं.

पखवाज ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या उजव्या पुडीवर, म्हणजे कातडी तोंडावर, शाई असते, ती टणक बोलते. डाव्या पुडीवर दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तिचा आवाज खोल जातो. ही कणीक लावायला मला शिकवलं ते आमच्या गावच्या गुराख्यानं. सेनगावकडचं आमचं गाव आणि गावाला लागून तांडा. तांड्यावरचे हे मामा दिवसभर गावाची गुरं राखायचे आणि एकादशीला मारुतीच्या देवळात भजनाला पखवाज धरायचे. पोरीनं पखवाजाला हात लावू नये, असं भजनातल्या झाडून सगळ्यांचं मत होतं. मामांना बहुधा मतंच नव्हती. सुट्टीतल्या दुपारी गुरं लिंबाखाली रवंथ करत बसली, की ते मला आधी मांडीवर आणि मग देवळातल्या पखवाजावर बोल वाजवायला लावत. "हात घाई करून राहिला, पोरी. कान काय म्हणतो ते आइक," एवढंच त्यांचं शास्त्र. कणीक लावताना मात्र ते सोनारासारखे चोखंदळ होत. चिमटीभर काढ, आता थोडी लाव, आता बोटानं पसरव, असं चालायचं, आणि मग एकदाची ती पुडी पोटातून बोलायची. वाजवून झालं की सगळी कणीक नखानं खरवडून, कणही न सांडता, गाईच्या तोंडात. एकदा कंटाळून मी ती उकिरड्यावर भिरकावली. कधी आवाज न चढवणारा तो माणूस तेव्हा म्हणाला, "काम झालं म्हणून फेकून देतेत व्हय? अन्न हाय ते."

पुढे शिकायला शहरात गेले तेव्हा तिथल्या एका नामवंत गुरुजींकडे दोन वर्षं पखवाज शिकले. पहिल्याच दिवशी माझा हात बघून त्यांनी विचारलं होतं, "हा हात कुणी लावला?" मी म्हणाले, "असंच, गावाकडे." या 'असंच'ची मला आज लाज वाटते, पण तेव्हा ते अगदी सहज जिभेवर आलं. कीड तिथेच लागली होती. मग हिंगोलीला गुरुपौर्णिमेला माझ्या वादनाचा कार्यक्रम ठरला. मी निरोप पाठवला नव्हता, तरी मामा आले होते. जीप, मग एसटी, असं करत आलेले, धुतलेला पटका बांधून तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसलेले. पहिल्या रांगेत माझे होणारे सासू-सासरे. निवेदकानं विचारलं, "आपले गुरू कोण?" मी रीतीप्रमाणे कानाची पाळी धरली, मामांना नीट पाहिलं आणि शहरातल्या गुरुजींचं नाव घेतलं. एकट्याचंच. टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या.

कार्यक्रमानंतर ते मंचाच्या मागे आले. आता काहीतरी बोलतील म्हणून मी उगाच पखवाजाचे सूर जुळवायचे लाकडी गठ्ठे ठोकत राहिले. ते पुडीकडे बघून म्हणाले, "कणीक कुठं हाय?" मी पायरीखालच्या चहाच्या कपांकडे बोट दाखवलं, तिथेच टाकली होती. मामा गुडघ्यांवर हात टेकून खाली बसले, कपांतून तो गोळा शोधून काढला, त्याची माती झटकली आणि रुमालात बांधला. उठताना म्हणाले, "बराबर वाजवलंस. हात घाई करत न्हाई आता." आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी ती सोयही ठेवली नाही.

लग्न होऊन वसमतला आले, शाळेत नोकरी लागली. जाऊ, भेटू, माफी मागू, असं दर आषाढात ठरवायचं आणि श्रावणात विसरायचं. गेल्या वर्षी माहेरी गेले असताना बोलण्याच्या ओघात कुणीतरी सांगितलं, ते गेले. तेव्हा मनाशी घोकलं, निदान पुढच्या गुरुपौर्णिमेला शाळेच्या मंचावर त्यांचं नाव घेईन. आणि घोकता घोकता ध्यानात आलं, की मला त्यांचं नावच ठाऊक नाही. मी मामा म्हणायची, गाव गुराखी म्हणायचं. म्हणजे हिंगोलीत त्या दिवशी खरं बोलायचं ठरवलं असतं, तरी कान धरून मी कुणाचं नाव घेणार होते?

परवा तांड्यावर गेले. त्यांची सून निंदणीवरून नुकतीच आली होती. आधी मी माझं नाव सांगितलं, मग मामांचं विचारलं, तशी तिनं पदर डोक्यावर घेतला. "बाई, सासऱ्याचं नाव म्या कसं घिऊ?" घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी तिनं पेटीतून त्यांचं आधार कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुमीच वाचा." मी ते हातात घेतलं, तोच ती म्हणाली, "तुमीच त्या पखवाजवाल्या व्हय? आमचे बाबा सारखं तुमचं नाव घ्यायचे. गुरं वळता वळता ज्याला त्याला सांगायचे, आमची पोरगी हिंगोलीला वाजवून आली म्हणून."

आम्ही दोघीही त्यांचं नाव न घेणाऱ्या. ती आदरापोटी घेत नव्हती. मी का घेतलं नव्हतं, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही. मी कानाची पाळी धरली आणि कार्डावरचे तीन शब्द मोठ्यानं वाचले. तिनं हात जोडले. अंगणातल्या गाईनं नुसतीच मान हलवली.

ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. लिहिणं सोपं असतं. ते आधी माणसांसमोर, तोंडानं घ्यायचं आहे. पौर्णिमेला शाळेत पोरी विचारतील, बाई, तुमचे गुरू कोण? आता मला ते तोंडपाठ आहे. फक्त ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते ऐकायला एकदा आले होते.